मोलोकाईचे सेवाव्रती फादर डेमियन

चैत्री पौर्णिमेस आपल्याकडे हनुमान जन्मोत्सवाचा गजर होतो आणि बहुधा त्याच्याच आगेमागे ख्रिस्ती बांधवांचा पवित्र आठवडा येतो. हा निव्वळ योगायोग नव्हे. वसंतसंपातानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर आणि त्याआधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, अशी त्यांची पूर्वापार गणना आहे. येशू ख्रिस्तांनी क्रूसावर सोसलेल्या यातनांचे चिंतन करण्याचा हा काळ. १८८९ साली याच पवित्र आठवड्यातील सोमवारी, १५ एप्रिल रोजी, प्रशांत महासागरातील मोलोकाई नावाच्या बेटावर एका धर्मगुरूने कुष्ठरोगाने देह ठेवला. वय अवघे एकोणपन्नास वर्षांचे. वार्ता जगभर पसरली, आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही निघाला : या पुरुषाला हा रोग का जडावा? प्रश्न वैद्यकाचा वाटतो; विचारणाऱ्यांच्या मनात मात्र तो धर्माचा होता.

व्याधीचे कारण काय, या प्रश्नाशी आपले शास्त्रकारही झुंजले आहेत. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय किंवा शातातपस्मृती यांत अमुक पातकाचे फळ अमुक रोग, अशी मालिकाच दिलेली आहे, आणि कुष्ठाची गणना तेथे घोर पातकांच्या फळांत होते. पुराणांत सांबाची कथा आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा पुत्र, पित्याच्या शापाने कुष्ठी झाला आणि चंद्रभागेच्या तीरी सूर्योपासना करून रोगमुक्त झाला. (ही चंद्रभागा पंजाबातली, पंढरपूरची नव्हे, श्रोते हटकून विचारतात म्हणून सांगितले.) प्रस्तुत लेखकाने तरुणपणी हे आख्यान अनेकदा लावले. एके रात्री पूर्वरंगात कर्मविपाकाचे निरूपण ऐन रंगात आले असता, मंडपाबाहेर पादत्राणांच्या राशीपाशी बसलेला, हातापायांना चिंध्या गुंडाळलेला एक वृद्ध काठी टेकीत उठला आणि अंधारात निघून गेला. आरतीपर्यंत थांबला नाही. त्या रात्रीपासून हे आख्यान लावताना जीभ अडखळते. फादर डेमियन यांच्या चरित्राकडे लेखक वळला तो त्या अडखळण्यामुळेच.

ख्रिस्ती धर्मग्रंथांतही या प्रश्नाचे उत्तर एकपदरी नाही. बायबलच्या जुन्या करारात मोशेची बहीण मिर्याम भावाची निंदा करते आणि तिच्या अंगावर कोड उठते. अलीशा संदेष्ट्याचा सेवक गेहजी द्रव्यलोभाने खोटे बोलतो आणि बऱ्या झालेल्या नामानाचा रोग त्याला येऊन चिकटतो. उज्जीया राजा याजकांचा अधिकार डावलून मंदिरात धूप जाळायला जातो, तर त्याच्या कपाळीच कोड फुटते. अशा रोग्याने वस्तीबाहेर राहावे, वस्त्रे फाडावीत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे, असा दंडक होता. ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर कोड किंवा महारोग असे झाले, तो शब्द कापडावरच्या आणि भिंतीवरच्या बुरशीलाही लावलेला आहे. म्हणजे आजचा कुष्ठरोग तो हाच, असे म्हणता येत नाही. पण शब्दाचा डाग एकदा लागला की शतकानुशतके निघत नाही.

त्याच जुन्या करारात ईयोबाचे आख्यान आहे. निष्पाप, दानशूर, देवभीरू पुरुष. संपत्ती गेली, मुलेबाळे गेली, सर्वांगाला फोड आले, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला. मित्र समाचाराला आले. सात दिवस ते मुकाट्याने शेजारी बसले, तोवर सारे ठीक होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि तू काहीतरी पाप केलेच असशील, असे परोपरीने पटवू लागले. कथेच्या शेवटी ईश्वर प्रकट होतो तो त्या मित्रांवर रुष्ट होतो. नव्या करारात योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध भेटतो. हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापाने की आईबापांच्या, असे शिष्य विचारतात. पूर्वजन्म न मानणाऱ्या धर्माला हा प्रश्न आपल्यापेक्षा अधिक अडचणीचा आहे, हे ध्यानात घ्यावे. ख्रिस्त दोन्ही पर्याय नाकारतात आणि त्याला दृष्टी देतात. कोड भरलेला मनुष्य समोर येतो तेव्हा तर ते हात पुढे करून त्याला शिवतात. पुढे पौलाने आणखी एक विचार मांडला : भक्ताचे दुःख हे ख्रिस्ताच्या दुःखातील सहभाग होय. म्हणजे रोग हा कोठे दंड, कोठे कसोटी, कोठे गूढ, तर कोठे क्रूसाचा वाटा. मध्ययुगीन युरोपात या साऱ्यांची सरमिसळ झाली. काही ठिकाणी जिवंत कुष्ठरोग्याचा प्रेतविधी करून त्याला समाजाबाहेर काढीत; काही ठिकाणी त्यालाच ख्रिस्ताचे रूप मानून राजेही त्याचे पाय धूत.

हा सगळा वारसा घेऊन ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात जोझेफ डी व्हस्टर यांचा जन्म झाला. वडील शेती करीत आणि धान्याचा व्यापार करीत. मुलाने धंदा सांभाळावा म्हणून त्याला फ्रेंच शिकायला धाडले. पण १८५९ साली थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल टाकून तो लूव्हेन येथील मठात दाखल झाला. मठातील नाव त्याने घेतले डेमियन. कॉस्मस आणि डेमियन हे रोग्यांकडून कवडीही न घेता उपचार करणारे आणि धर्मासाठी प्राण देणारे प्राचीन वैद्यबंधू. त्यांतील एकाचे हे नाव. नाव घेताना पुढचे काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

थोरला भाऊ पाम्फिल हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी जायचा होता. १८६३ मध्ये ऐन प्रयाणाच्या वेळी त्याला टायफस ज्वराने गाठले. धाकट्याने वरिष्ठांना डावलून थेट पॅरिसच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिले आणि भावाची जागा मागून घेतली. १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूस उतरले; २१ मे रोजी त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी मोठ्या हवाई बेटावर काढली. घोड्यावरून, पायी, होडीतून विस्तीर्ण मुलूख पालथा घातला आणि सुतारकाम करून स्वतःच्या हातांनी प्रार्थनामंदिरे उभारली. ते पंडित नव्हते, वक्तेही नव्हते. हात मात्र कामाला वाघ होते.

तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. परदेशी जहाजांबरोबर परदेशी रोग आले आणि ज्या जनतेने ते कधी पाहिलेही नव्हते ती भराभर खंगू लागली. कुष्ठरोग पसरू लागला तसा १८६५ मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी १८६६ पासून रोग्यांना मोलोकाईच्या उत्तरेकडील एका भूशिरावर नेऊन सोडण्यात येऊ लागले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र, चौथ्या बाजूला भिंतीसारखा उभा प्रचंड कडा. कारागृहाला याहून अधिक काय लागते? हवाई लोकांनी या व्याधीला दिलेले एक नाव होते ताटातूट करणारा रोग. वैद्यक काहीही म्हणो, त्या नावात रोगाचे खरे लक्षण आले आहे. मुलाला आईपासून, पतीला पत्नीपासून तोडून नेत. काही निरोगी पत्नी व पती आपल्या माणसाची सेवा करण्यासाठी स्वखुशीने त्या वनवासात जात. त्यांना तेथे कोकुआ म्हणत. अशोकवनापेक्षा दंडकारण्य बरे, असे आपल्या सीतामाईला वाटले असेल, त्याच जातीचा हा निश्चय. डेमियन यांच्या पूर्वी त्या भूमीवर त्याग आला तो या अनाम कोकुआंच्या पावलांनी, हे विसरता कामा नये.

रोग्यांनी स्वतः शेती करून पोट भरावे, अशी सरकारची कल्पना होती. बोटे झडलेल्या हातांनी नांगर कसा धरावा, याचा विचार कोणी केला नाही. निवारा अपुरा, पाणी दूर, वैद्य नाही. निराश माणसे दारू गाळून पिऊ लागली. समकालीनांनी तेथील अनाचाराची जी वर्णने केली त्यांत अतिशयोक्तीही असेल. परंतु बाहेरच्या सज्जनांना तेवढे पुरेसे होते. ही माणसे पापी म्हणूनच रोगी, असा निवाडा त्यांनी करून टाकला. हा रोग म्हणजे उपदंशाचीच पुढची पायरी, असे मत तेथील एका सरकारी डॉक्टराने मांडले होते. शास्त्राचे नाव घेऊन जुनाच दंडसिद्धान्त पुन्हा उभा राहिला.

मे १८७३ च्या आरंभी माउई बेटावरील एका समारंभात बिशप मेग्रे यांनी त्या वस्तीला धर्मगुरू नसल्याचे दुःख बोलून दाखविले. चार तरुण धर्मगुरू पाळीपाळीने जाण्यास सिद्ध झाले. पहिली पाळी डेमियन यांची. आपल्या गावी परतून सामान घेण्याइतकाही अवधी त्यांनी घेतला नाही. १० मे रोजी ते मोलोकाईस उतरले. राहायला घर नव्हते. चिमुकल्या प्रार्थनामंदिराशेजारी केवड्याच्या जातीचे एक झाड होते, त्याखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या. दुसऱ्याची पाळी पुढे कधी आलीच नाही. आणि याच १८७३ सालात दूर नॉर्वेतील बर्गन शहरी डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरोग्यांच्या ऊतींत त्या रोगाचे सूक्ष्म जंतू दिसले. व्याधीचे कारण पापात नसून जंतूंत आहे, हे कळायला त्या वर्षी आरंभ झाला. पण ती बातमी मोलोकाईच्या कड्यापर्यंत पोहोचायची होती.

डेमियन यांना किळस येत नव्हती असे मात्र नाही. सडलेल्या जखमांच्या दुर्गंधीने जीव गुदमरे, म्हणून तंबाखूची चिलीम ओढू लागलो, असे त्यांनी घरी लिहून कळविले होते. पण आपली किळस त्यांनी समोरच्याला कधी दिसू दिली नाही. ते जखमा बांधत, रोग्यांच्या पंक्तीला बसून एकाच भांड्यातून पोई खात, आपली चिलीम त्यांना ओढायला देत. प्रवचनाच्या आरंभी श्रोत्यांना बंधूंनो न म्हणता, आम्ही कुष्ठरोगी, असे म्हणण्याची त्यांची पद्धत होती. आणि ती त्यांना रोग होण्याच्या कितीतरी आधीपासूनची. पहिल्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात तिचा उल्लेख आहे.

त्यांनी व्याधीचे तत्त्वज्ञान सांगितले नसेल असे नव्हे. ते एकोणिसाव्या शतकातील कर्मठ कॅथलिक होते, पाप आणि प्रायश्चित्त हे शब्द त्यांच्या तोंडी नित्य असत. दारूच्या भट्ट्या त्यांनी काठीने फोडल्या. पंथाभिमान होता, स्वभाव तापट होता, सरकारी मंडळाशी आणि स्वतःच्या वरिष्ठांशी त्यांची अखंड तेढ असे. बाप्तिस्मेही त्यांनी पुष्कळ दिले. मात्र घराचे छप्पर आणि पिण्याचे पाणी देताना त्यांनी धर्म विचारला नाही. नळ घालून पाणी वस्तीपर्यंत आणले, लाकडी घरे बांधली, अनाथ मुलामुलींसाठी आश्रम काढले, वाद्यवृंद उभा केला. पूर्वी मृतांना कसेबसे पुरीत; डेमियन यांनी शवपेट्या स्वतः घडविल्या, थडगी खणली आणि प्रेताबरोबर वाजतगाजत मिरवणूक नेण्यासाठी मंडळ स्थापिले. जिवंतपणी ज्याला कोणी शिवत नाही, त्याला आपला शेवट तरी माणसासारखा होईल एवढा विश्वास मिळाला. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कार्यात हे काम सर्वांत मोठे.

एक प्रसंग मन हेलावणारा आहे. बंदीच्या नियमानुसार त्यांनाही वस्तीबाहेर पाऊल टाकण्यास मज्जाव झाला. कॅथलिक पंथात पापनिवेदन दुसऱ्या धर्मगुरूच्या कानी एकांतात करायचे असते. त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना वर चढू दिले नाही. तेव्हा डेमियन होडीत उभे राहिले आणि आपली पापे त्यांनी सर्वांदेखत मोठ्याने ओरडून वरच्या वरिष्ठांना निवेदन केली. दुसऱ्यांच्या पापांचा हिशेब मांडणारे जगात पुष्कळ असतात. भर समुद्रात स्वतःचा मांडणारा हा एक.

डिसेंबर १८८४ मध्ये पाय शेकण्यासाठी त्यांनी कढत पाण्यात घातला. कातडी भाजली, फोड आले, पण वेदना नाही. अर्थ त्यांना तत्काळ उमगला. १८८५ मध्ये डॉक्टरांनी निदान केले. ख्रिस्ताने आपला वाटा आपल्याला दिला, असे मानून त्यांनी रोग स्वीकारला. आणि तरीही १८८६ मध्ये होनोलुलूस जाऊन एका जपानी वैद्याचे स्नानोपचार घेतले, वस्तीतही ते सुरू व्हावेत म्हणून खटपट केली. रोग हा ईश्वराने दिलेला क्रूस आहे, म्हणून औषध घेऊ नये, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. १८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार हिंदुस्थानातील कुष्ठाश्रम पाहून त्यांच्याकडे गेला. बरोबर त्याने आपल्याकडचे गर्जन वृक्षाचे तेल नेले होते. अंदमानात त्याचा उपचार चालू असे. डेमियन यांनी तेही लावून पाहिले. गुण फार आला नाही.

अखेरची वर्षे प्रसन्नतेचीच होती, असे भाविक चरित्रकार लिहितात. ते संपूर्ण खरे नाही. एकाकीपणाने ते पोखरले होते. आपण स्वर्गाला पात्र नाही, या शंकेने त्यांना ग्रासले होते. वरिष्ठ त्यांच्याकडे संशयाने पाहत. मात्र मदतीला काही माणसे आली : अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले जोझेफ डटन १८८६ मध्ये, आणि १८८८ मध्ये फादर कॉनरार्डी व मदर मरियान कोप. काम चालू राहील याची खात्री झाल्यावर, यंदाचा ईस्टर आपण देवाघरी साजरा करू, असे ते म्हणू लागले. ईस्टरच्या सहा दिवस आधी ते गेले. ज्या केवड्याखाली पहिल्या रात्री झोपले, त्याच्याखालीच त्यांना पुरले.

त्यांच्या मृत्यूला फार काळ लोटला नव्हता तोच होनोलुलूतील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक चार्ल्स हाइड यांनी एका स्नेह्याला लिहिलेले पत्र छापून प्रसिद्ध झाले. डेमियन हे ओबडधोबड, घाणेरडे, हेकट तर होतेच. शिवाय स्त्रियांच्या बाबतीत ते शुद्ध नव्हते आणि त्यांचा रोग हे त्यांच्या दुराचरणाचे व निष्काळजीपणाचे फळ होय, असा त्या पत्राचा आशय होता. सज्जनहो, येथे थोडे थांबावे. सोळा वर्षे ज्याने रोग्यांच्या अंगावरील पापाचा शिक्का आपल्या हातांनी पुसला, त्याच्याच प्रेतावर तो शिक्का मारण्यात आला. आणि मारणारा कोणी नास्तिक नव्हता. जन्मांधाची कथा ज्या ग्रंथात आहे, तोच ग्रंथ नित्य वाचणारा धर्मोपदेशक होता. ईयोबाचे मित्र प्रत्येक धर्मात, प्रत्येक पिढीत जन्म घेतात. आमच्या कीर्तनाच्या मंडपातही एकदा त्यांतला एक उभा होता, हे वर आलेच आहे.

हाइड यांना उत्तर दिले ते प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी. ते स्वतः प्रॉटेस्टंट घराण्यातले, आणि छातीच्या विकाराने आयुष्यभर जर्जर झालेले. डेमियन यांच्या निधनानंतर महिन्याभराने ते मोलोकाईस जाऊन राहिले होते, तेथील रुग्ण मुलींबरोबर खेळले होते. १८९० मध्ये सिडनीहून त्यांनी हाइड यांना अनावृत पत्र लिहिले. त्यात डेमियन यांना देव्हाऱ्यात बसविलेले नाही. ते रांगडे होते, हट्टी होते, हे स्टीव्हन्सन खुशाल मान्य करतात. प्रश्न एवढाच विचारतात की, आपण सुखाच्या घरात बसलेले असताना जो तेथे गेला आणि मेला, त्याच्याविषयी असे लिहिणे आपल्याला शोभते काय? दुराचाराच्या आरोपाला कधी पुरावा मिळाला नाही.

पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, १९३९ मध्ये, असाच एक प्रसंग आपल्या वर्ध्याजवळ घडला. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी. कुष्ठाने त्यांना घरदार तुटले, तेव्हा ते सेवाग्रामच्या दारात येऊन उभे राहिले. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधविली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. धर्मशास्त्र मुखोद्गत असलेल्या त्या शास्त्रीबुवांना कर्मविपाकाची ती वचने ठाऊक नव्हती, असे कसे म्हणावे? ती आठवीत त्यांनी किती रात्री काढल्या असतील!

१९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली, १९८० नंतर बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला रोखण्याची शक्ती निसर्गतःच असते, हेही कळले. हवाईतील सक्तीचा विलगवास १९६९ मध्ये संपला. तोवर सुमारे आठ हजार माणसे त्या भूशिरावर धाडली गेली होती. डेमियन यांचे अवशेष १९३६ मध्ये बेल्जियमला, लूव्हेन येथे नेण्यात आले. मोलोकाईच्या लोकांना ते रुचले नव्हते. आपला माणूस नेला, असे त्यांना वाटे. ४ जून १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी डेमियन यांना धन्यवादित घोषित केले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद दिले. १९९५ च्या त्या समारंभानंतर अवशेषांतील एकच भाग मोलोकाईस परत आणण्यात आला आणि कलावाओ येथील मूळच्या थडग्यात पुन्हा पुरण्यात आला. तो होता त्यांचा उजवा हात.